क्लचवरची दोन बोटं

१० जानेवारी, मंगळवार

चेंडू पुन्हा खिडकीबाहेर! फिजिओने दिलेला मऊ पिवळा चेंडू – डाव्या मुठीत धरून दाबायचा. यांनी तो उजव्या हाताने भिरकावला. उजवा हात ठणठणीत आहे ना, नेम थेट शेजाऱ्यांच्या कुंडीत. मी गेले, आणला, धुतला, पुन्हा समोर ठेवला.  

अर्धांगाच्या झटक्यातून हे वाचले, पाय सुधारला, काठी घेऊन घरभर फिरतात. जीभ तर शाबूत आहेच – नको तितकी. डावा हात मात्र कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा मांडीवर पडलेला असतो.

फिजिओ जाताना दारात थांबली. पोर आमच्या लेकीच्या वयाची, पण बोलते आजीबाईसारखी. "काकू, हे दोन-तीन महिने फार महत्त्वाचे. हाताला काम द्या. चेंडूच पाहिजे असं नाही, पण काकांना मनापासून करावंसं वाटेल असं काहीतरी. मन लागलं तर बोटं येतील. नाही लागलं तर..." पुढचं ती चपला घालता घालता गिळून गेली.

मनापासून करावंसं! या माणसाने जन्मभर मनापासून एकीवरच जीव लावला, आणि ती मी नव्हे. ती शेडमध्ये उभी आहे. लाल रंगाची.

१२ जानेवारी, गुरुवार

आज शेड उघडली. लालवरची चादर काढली. डोंगरात, चिखलात, दगडांवरून न्यायची मोटरसायकल – टू-स्ट्रोक. तिच्या जळक्या ऑइलचा वास यांच्या शर्टांना इतकी वर्षं आला की साबणानेसुद्धा हात टेकले होते. हे गल्लीच्या तोंडाशी असतानाच मला कळायचं. मी नाक मुरडायची आणि चहाचं आधण ठेवायची.

डाव्या मुठीपुढचा क्लचचा दांडा बघितला. काळा रंग दोनच ठिकाणी उडालाय, आतला धातू चकचकीत. दोन बोटांच्या जागा! लग्नानंतर एकदा विचारलं होतं, सगळी बोटं का नाही ठेवत? तर म्हणाले होते, "टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. लांब उतारावर रेस सोडली की पेट्रोल बंद, म्हणजे ऑइलही बंद. इंजिन कोरडं पडून जाम झालं की मागचं चाक जागच्या जागी अडकणार, आणि आपण तोंडावर! म्हणून उतार लागला की दोन बोटं क्लचवर. जाम झालंसं वाटलं की आवळायचं, चाक मोकळं." ती खोड इतकी मुरली की बस उतारावर लागली तरी पुढच्या सीटची दांडी हे त्याच दोन बोटांनी धरायचे. मी हसायची.

मी शेडमध्ये आहे हे बघून मागून आले. दारातच उभे राहिले. "देऊन टाक ती कुणाला," म्हणाले. "क्लच डाव्या हाताला, गिअर डाव्या पायाला. आपला तोच कारखाना बंद."

रागावले असते तर मला चाललं असतं. अगदी शांतपणे म्हणाले. मी घाबरले!

ठरलं. यांना चालवता येईल अशी गाडी शोधायची. चालवायची आशा दिसली तर हात हलवायला लागतील. कुठली गाडी, देव जाणे. मी शिवणकाम करणारी, मला बॉबिन कळतं, पिस्टन नाही.

१५ जानेवारी, रविवार

सल्ला घ्यायला यांच्या दोन मित्रांना बोलावलं. चुकले.

एक काजळी – कपाळापासून नखांपर्यंत काळा, टू-स्ट्रोकच्या धुरावर वाढलेला माणूस. दुसरा मास्तर – जुन्या डोंगरी गाड्या विकतो, फोर-स्ट्रोकचा कट्टर भक्त. दोघं लहानपणापासूनचे मित्र आणि लहानपणापासून याच एका विषयावर एकमेकांशी अबोला धरतात.

"वहिनी, टू-स्ट्रोकच!" काजळी भावजी. "फेरीगणिक स्फोट! वजनाला पीस. आत चार भाग, स्वयंपाकघरात बसून खोलता येतं."

"खोलता येतं नाही, खोलावंच लागतं," मास्तर. "सारखं!"

"आणि तुमचं ते? व्हॉल्व्ह, चेन, नाही नाही ते. एकदा बिघडलं की घर विकायला काढा."

"बिघडतच नाही मुळी. ऑइल खाली वेगळं. खालच्या रेसमध्येसुद्धा ओढते. तुझी आधी झोपते आणि मग एकदम पिसाळते."

मी मध्ये बसून कुणाच्या तरी पँटची झिप बदलत होते. मला माझ्या पद्धतीने कळलं ते असं – माझं मोटरवालं नवं मशीन, पायपट्टीला जरा पाय लागला की सुसाट, कापड कुठे आणि टाका कुठे! ते टू-स्ट्रोक. आणि सासूबाईंचं जुनं काळं मशीन, चार पदरी जीनसुद्धा न कुरकुरता हळूहळू ओढतं. ते फोर-स्ट्रोक. मोठ्याने बोलून दाखवलं तर दोघंही दुखावले. म्हणजे बरोबर असणार.

सगळ्यात शेवटी हे बोलले. "झालं तुमचं? मला काहीही नकोय." आणि आत गेले.

१६ जानेवारी, सोमवार

लेकीचा फोन. "आई, तुला वेड लागलंय का? बाबांना गाडीवर?" म्हटलं, बाबा खुर्चीवर बसून बसून खुर्ची व्हायला लागलेत, ते चालेल का तुला?  मग म्हणाली, "हेल्मेट घाल म्हणावं."

२१ जानेवारी, शनिवार

मास्तरांच्या वखारीत जाऊन आले. घाईत गळ्यातली टेप तशीच राहिली. तिथले लोक मी गाड्यांची मापं घ्यायला आलेय असं समजून बाजूला झाले!

क्वाड बघितल्या. चार जाडजूड चाकं, मोटरसायकलसारखी मूठ, बेडकासारखी बैठक. एक हिरवी आवडली. फोर-स्ट्रोक, क्लच नाही, गिअर आपोआप, रेस उजव्या अंगठ्याने, ब्रेक उजव्या पायानेही लागतो. म्हणजे डाव्या हाताला सुट्टी. मागे दुसऱ्यासाठी ऐसपैस सीट आणि पाठ टेकायला गादी.

"आणि उतारावर?" मी विचारलं. मला उताराचीच भीती.

मास्तर खूश झाले. "अंगठा सोडला की इंजिन स्वतःच गाडीला मागे धरतं. फोर-स्ट्रोकचा हाच मोठेपणा, वहिनी. टू-स्ट्रोक उतारावर सुटते ती सुटतेच."

संध्याकाळी हे काजळी भावजींच्या कानावर गेलं. आलेच तावातावाने. "बिनक्लचची? त्याला? अहो, त्यापेक्षा झोपाळ्यावर बसवा! माझी टू-स्ट्रोक क्वाड आणतो उद्या. क्लच समोर दिसला की हात आपोआप जाईल बघा." मी नको म्हणणार होते. पण यांनी मान वर केली होती. बऱ्याच दिवसांनी. मग माझ्याने नको म्हणवेना.

२२ जानेवारी, रविवार

नको म्हणायला हवं होतं.

गावाबाहेरच्या मैदानावर गेलो. यांनी जुनं जाकीट घातलं, बूट घातले – डावा मी चढवला. क्वाडवर बसल्यावर चेहरा असा उजळला की मी मास्तरांची सगळी शिकवण विसरले. काजळी भावजींनी किक मारली, धूर, तो वास, तो आवाज!

डावा हात उचलून क्लचवर ठेवला. हात तिथे राहिला. नुसता राहिला. बोटं आवळेनात. दात खाल्ले, कपाळावर घाम – बोटं काही ऐकेनात. मग यांनी काय करावं? उजवा हात आडवा नेऊन त्याने क्लच दाबला! गिअर काजळी भावजींनी टाकून दिला. आता रेसला हात कोण लावणार? उजवा परत मुठीवर आणला तो घाईने, आणि क्लच सुटला फटकन. आधी गचका, मग ती गाडी जी पिसाळली ती थेट टायरच्या ढिगात.

लागलं काही नाही. टायर मऊ, नशीब बलवत्तर. फिजिओला कळलं तर ती आम्हा तिघांनाही चेंडूने मारेल.

घरी आलो. यांनी जाकीट काढलं, घडी घातली – एका हाताने, माझी मदत न घेता – आणि द्यायच्या कपड्यांच्या पिशवीत टाकलं.

२५ जानेवारी, बुधवार

आज चेंडू खिडकीबाहेर गेला नाही. हातातच घेतला नाही.

२९ जानेवारी, रविवार

हसले! हे हसले!

झालं असं. मास्तर हिरवी क्वाड टेम्पोत घालून आमच्या अंगणात घेऊन आले. "नुसती बघू दे त्याला." हे बघायलाही बाहेर येईनात. काजळी भावजीही आले, मागच्या रविवारपासून तोंड लपवत होते. काहीतरी मदत करून पाप फेडायचं म्हणून हिरवीची टाकी रिकामी दिसताच आपल्या कॅनमधलं पेट्रोल ओतून मोकळे. मास्तरांनी बटण दाबलं. थोडं चालली आणि मागून धूर! पांढरा, दाट, अंगणभर. माझी वाळत घातलेली कापडं दिसेनाशी झाली.

"काय ओतलंस?" मास्तर किंचाळले.

काजळी भावजी कॅनकडे बघतायत, कॅन त्यांच्याकडे. "मिसळलेलं. ऑइल घालून." मग अगदी बारीक आवाजात, "हाताला सवय, रे. पेट्रोल दिसलं की माप ऑइलचं पडतंच."

"अरे, फोर-स्ट्रोक आहे ती! तिचं ऑइल तिच्या पोटात असतं!"

"मग जरा जास्त झालं. पोट भरेल."

आणि दारातून हसण्याचा आवाज. हे काठीवर रेलून उभे, डोळ्यांत पाणी येईतो हसत होते. वासाने ओढून आणलं होतं त्यांना! अंगणात लालचा वास पसरला होता आणि दिसत होती हिरवी. मी पदराने डोळे पुसले. धुरामुळे, असं सगळ्यांना सांगितलं.

टाकी उपसली, साधं पेट्रोल घातलं, हिरवी शहाण्यासारखी चालायला लागली. इंजिनाला काही झालं नाही, मास्तरांचा जीव तेवढा अर्धा झाला. हे तिच्याभोवती एक फेरी मारून आले. वाकून खाली बघितलं. पण बस म्हटल्यावर, "बाबागाडी आहे ही. मी नाही बसणार." आणि खरं सांगायचं तर गेल्या रविवारी टायरमध्ये गेलेल्या माणसाला एकटं बसवायची माझीही छाती नाही.

म्हणजे पुन्हा पहिले पाढे. पण हसले ना!

२ फेब्रुवारी, गुरुवार

शर्टाला कॉलर लावता लावता सुचलं. यांनीच का चालवायची? मागे सीट आहे की. मी चालवेन!

जन्म गेला पायपट्टी दाबण्यात. पायाने जमतं ते अंगठ्याने जमणार नाही होय?

मास्तरांना फोन केला. हिरवी ठेवून घेतेय म्हटलं. "कोण चालवणार?" मी. पलीकडे काहीतरी खणकन पडल्याचा आवाज. मग म्हणाले, "वहिनी, फोर-स्ट्रोक घेतलीत, शहाणपणा केलात." काजळी भावजी म्हणे दोन घास कमी जेवले.

यांना सांगितलं. म्हणाले, "तू? तुला सायकलवर फाटकातून बाहेर पडता येत नाही."

बघूच.

५ फेब्रुवारी, रविवार

शिकवणी! मैदानावर मी हिरवीवर, हे खुर्चीवर, हातात काठी. गंमत म्हणजे शिकवायला मास्तर आले होते. त्यांना एक वाक्य पुरं करू दिलं नाही यांनी.

"अंगठा हळू! कापड नाही ते, जमीन आहे!"

"वळताना अंग आत झुकव. आत! बाहेर काय बघतेस, नातेवाईक आलेत का?"

"ब्रेक! ब्रेक! अगं ब... बरं, राहू दे. टायर आहेतच."

हो, मीही गेले टायरमध्ये. तोच ढीग. नवरा-बायकोचा एकच मुक्काम. पण उतरले, मागे घेतली, पुन्हा निघाले. चौथ्या-पाचव्या फेरीला वारा तोंडावर आला आणि मला एकदम कळलं की इतकी वर्षं हा माणूस रविवारी घरी का थांबत नव्हता. मला आधी का नाही कुणी सांगितलं! सांगितलं असेलही. मी नाक मुरडत होते.

८ फेब्रुवारी, बुधवार

स्वारी हल्ली सकाळी उठून स्वतःहून अंगणात. हिरवीची खालची बाजू बघून झाली, एअर फिल्टर बघून झाला. जेवताना मला इंजिन शिकवतात. उजव्या हाताची चार बोटं एकेक करून उघडतात – "एकात ओढायचं, दुसऱ्यात दाबायचं, तिसऱ्यात पेटवायचं, चौथ्यात बाहेर फेकायचं. टू-स्ट्रोक हेच सगळं दोनात उरकते. म्हणून ती चिडकी." आणि वर, "तुझं इंजिन आळशी आहे. पण बरं आहे." फोर-स्ट्रोकला बरं म्हणाले! काजळी भावजींना सांगायचं नाही, अशी तंबी मिळाली.

चेंडूही हातात असतो आता, मी न सांगता. फिजिओने बोटं एकेक करून तपासली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. "अजून काही नाही, काकू. पण प्रयत्न करतायत, हे फार आहे."

फार आहे. पण पुरेसं नाही. मला मेलीला सगळंच हवंय.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज पहिल्यांदा मागे बसले. आधी "बायकोच्या मागे?" झालं. "लोक काय म्हणतील?" झालं. मी म्हटलं, लोकांना मागे जागा नाही, तुम्हाला आहे, बसा. बसले.

पडू नयेत म्हणून मी जाड कॅनव्हासचा पट्टा शिवलाय, माझ्या कंबरेला बांधायचा. उजव्या बाजूला धरायला कडी. डाव्या बाजूला रुंद फासा, आत मऊ अस्तर. त्यात त्यांचा हात नुसता अडकवून ठेवायचा, धरायची गरज नाही. दुहेरी टाके घातलेत, हत्ती लटकला तरी उसवणार नाही. फिजिओला दाखवला. तिने ओढून बघितला आणि विचारलं, "काकू, तुम्ही असे आणखी शिवून द्याल का?"

मैदानावर चार फेऱ्या मारल्या. मागून सूचना चालूच. हात माझ्या कंबरेशी निपचित. बोटं गार लागत होती पट्ट्यावरून. पण घरी आल्यावर स्वतः उठून त्या द्यायच्या पिशवीतून जाकीट बाहेर काढलं. मी दुसरीकडे बघत होते. मला काही दिसलं नाही.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

रविवारी टेकडीवर. वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. यांचा जुना रस्ता, दगड-मातीचा. फिजिओने हो म्हटलंय, लेकीने "फोटो पाठव" म्हटलंय, मास्तर आणि काजळी भावजी पायथ्याशी थांबणार आहेत – एकमेकांशी न बोलता.

चढाची मला काळजी नाही. हिरवी ओढते. काळजी आहे ती उताराची. यांना सांगितलं नाही, पण तेही तोच विचार करत असावेत. मघाशी एकदम म्हणाले, "उतारावर क्लचच नाही हिला."

"नाही. गरज नाही. मास्तर म्हणतात इंजिन धरतं."

"धरेल, धरेल." मग डाव्या हाताकडे बघत बसले. "पण मग माणसाने बोटं ठेवायची कुठे?"

मी म्हटलं, माझ्या कंबरेवर. लाजले! या वयात!

१९ फेब्रुवारी, रविवार

चढलो. वर पाणी प्यायलो. उतरायला लागलो. मी अंगठा सोडला, हिरवीने स्वतःला धरलं, मागून सूचना बंद. पहिल्या मोठ्या उतारावर कंबरेला डावीकडे काहीतरी टोचलं. वाटलं, फाशाचं अस्तर उसवलं. पुढचा उतार आला – पुन्हा. अस्तर नव्हतं. पट्टा आवळला जात होता. दोन बोटांनी. दोनच.

यांना पत्ताच नव्हता. खालच्या दगडांकडे बघत होते.

मी काही बोलले नाही. बोलले आणि थांबलं तर! पायथ्याशी ते दोघं हात हलवत होते. मी तिथवर गेलेच नाही, अलीकडेच हिरवी वळवली आणि पुन्हा टेकडीला लावली.

"अगं, अगं! घर खाली आहे. कुठे निघालीस?"

म्हटलं, वर. परत उतरायचंय.